रात्रपाळीच्या पाण्यासाठी हेडलॅम्प : प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

हरभऱ्याची पेरणी उरकली. आता थंडी सरेपर्यंत शेतपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळी चालू. रात्रीच्या पाळीला मध्यरात्री उठून मोटर चालू करायची आणि उजाडेपर्यंत दारं धरायची. उसाला मोकळं पाणी, हरभऱ्याला तुषार. दोन्हीला दोन्ही हात लागतात. तरी दरवर्षी तीच कसरत: फावडं हातात, मोबाईल दातात, नाहीतर टॉर्च काखेत. मागच्या हंगामात तात्यांचा मोबाईल भरल्या दांडात गेला तेव्हापासून भावकीत बोलणं चालू होतं. यंदा सहा घरांसाठी एकाच जातीचे हेडलॅम्प घ्यायचे ठरलं, बॅटरी या दिव्यातली काढून त्या दिव्यात घालता येईल असे. बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मोटर रिवाइंडिंगचं दुकान माझं आणि मल्टिमीटरही माझाच.

तात्यांची अट एकच: "रात्रभर पुरला पाहिजे. मधेच डोळे मिटणारा नको." माझी अट: बॅटरी मेली तर दिवा फेकावा लागू नये.

९ नोव्हेंबर

आधी घराघरांतले जुने दिवे गोळा केले. अर्ध्याहून जास्त मेलेले. भिंतीच्या प्लगात थेट खोचायच्या टॉर्चमध्ये चार व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी असते, दोन-दोन व्होल्टचे दोन सेल. ही बॅटरी उतरलेली तशीच ठेवली की पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही. आमच्याकडे पावसाळाभर टॉर्च खुंटीला असते, त्यामुळे दरवर्षी दिवाळीनंतर नवीन घ्यावी लागते. बॅटरी वाईट नाही, आपल्या वापराला बसत नाही. शिवाय डोक्यावर बांधायला जड.

दोन दिवे बिल्ट-इन लिथियमचे निघाले. एकाची बॅटरी फुगून प्लास्टिकचं खोकं उकललेलं. ते वाळूच्या डब्यात घालून शेडबाहेर ठेवलं. लेकरांना हात लावू नका म्हणून सांगितलं, आणि उकिरड्यावरही टाकायचं नाही म्हणून मोठ्यांना सांगितलं.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी बसून हिशेब केला. ल्युमेनचे, म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचे, आकडे बघत बसण्यापेक्षा आधी सेल ठरवावा, मग त्याला बसेल असा दिवा शोधावा, हे आज पक्कं केलं. दिवा पाच-सहा वर्षं टिकतो, सेल त्याआधी थकतो. सेल बाजारात सुटा मिळाला तरच दिव्याला आयुष्य.

ट्रिपल ए, म्हणजे बारीक पेन्सिल सेल, रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे: एकाचे १.२ व्होल्ट, ८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) धरले. तीन सेलचे मिळून जेमतेम २.९ वॅट-तास ऊर्जा. डबल ए, म्हणजे नेहमीचे पेन्सिल सेल, २००० एमएएचचे तीन: ७.२ वॅट-तास, पण वजन ८० ग्रॅमच्या आसपास. एकच १८६५० लिथियम आयन, ३.६ व्होल्ट, ३००० एमएएच: १०.८ वॅट-तास, वजन ४५ ते ४८ ग्रॅम. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ लांबी.

चांगल्या एलईडीचा दिवा वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. चालायला आणि फावड्याने दार फोडायला १०० ल्युमेन भरपूर होतात. म्हणजे एका १८६५० वर नऊ-दहा तास. रात्रपाळी तेवढीच असते, आणि त्यात दिवा सतत लागत नाही. वाफा भरेपर्यंत माणूस बांधावर बसतोच. हिशेब बसला.

एक सेल असण्याचा आणखी फायदा: तीन सेल एकामागे एक जोडलेले असले की त्यातला कमजोर सेल आधी संपतो आणि बाकीचे दोघं त्याला उलटं चार्ज करतात. एकट्या सेलला ही भानगड नाही.

१७ नोव्हेंबर

लातूरला गेलो होतो. एका दुकानात १८६५० मागितला तर "९९०० एमएएच" छापलेला सेल पुढे आला, तोही शंभराच्या आत. घेतला, मुद्दाम. ज्या दुकानातून घेतला त्याचं नाव इथे लिहीत नाही, माल सगळीकडे तोच आहे. नाणावलेल्या कंपन्यांचा खरा १८६५० सहसा ३५००-३६०० एमएएचच्या फार पुढे जात नाही. त्या डबीत रसायन मावणार तरी किती?

येताना ओळखीच्या सराफाकडे थांबलो. काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम. खरा सेल सहसा ४५ च्या फार खाली उतरत नाही. सराफ म्हणाले, "हिणकस हाय म्हणा की." त्यांना बॅटरीतलं काही कळत नाही, पण निदान बरोबर.

२० नोव्हेंबर

आज विधानसभेचं मतदान, दुकान बंद. तो ९९०० चा सेल क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावून ठेवला.

२१ नोव्हेंबर

निकाल: ८७० एमएएच. फोडून बघायचा मोह आवरला. लिथियमचा सेल फोडायचा नसतो, आत काहीही असो.

त्याच चार्जरवर जुन्या लॅपटॉप बॅटरीतून काढलेले सेलही लावले. हे सेल अस्सल कंपनीचे असतात, सहाच्या बॅटरीत बहुतेक वेळा एक-दोनच मेलेले आणि त्यांच्यामुळे अख्खी बॅटरी भंगारात. मूळ २२०० चे सेल १४०० ते १७०० देत आहेत. जे दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेले होते ते बाजूला काढले, त्यांना पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. आत तांबं विरघळून पुढे शॉर्ट होऊ शकतो. बाकीचे माझ्या दुकानातल्या कामाला. दुसऱ्याच्या डोक्यावर बांधायला मी जुना सेल देणार नाही.

२७ नोव्हेंबर

नवीन सेल आले. जपानी आणि कोरियन कंपन्यांचे ३००० ते ३५०० चे चार-पाच प्रकार नाणावलेले आहेत, त्यातले ३५०० वाले घेतले. चारशेच्या घरात एक. वजन ४७ ग्रॅम, भारतीय मानक आयएस १६०४६ ची खूण वेष्टनावर. ०.५ अँपिअरने मोजले तर ३३८० ते ३४२० एमएएच. छापलेल्या आकड्याच्या इतकं जवळ आलं म्हणजे माल खरा.

घेताना दोन गोष्टी बघाव्या लागल्या. एक, संरक्षक पट्टी असलेला सेल. तिच्यामुळे सेल शॉर्टपासून आणि जास्त उतरण्यापासून वाचतो, पण लांबी ६९-७० मिलिमीटर होते आणि काही दिव्यांच्या नळीत तो बसतच नाही. दोन, वरचं टोक. सपाट की बटणाचं. उलटा सेल घातला तर दिवा जळू नये म्हणून काही दिव्यांत प्लसच्या बाजूला प्लास्टिकचा कठडा असतो. त्यात सपाट टोक टेकतच नाही आणि माणूस म्हणतो दिवा खराब आला. अंधारात, ओल्या हाताने, झोपेत सेल बदलणारी माणसं आहेत आमच्याकडे. म्हणून पट्टीवाला, बटणाचा.

३० नोव्हेंबर

दिवे आले, तुलनेसाठी दोन जातींचा एकेक. पहिला प्लास्टिकचा, बॅटरी आतच बंद, खोक्यावर "१००० ल्युमेन, ८ तास". दुसरा एल आकाराचा ॲल्युमिनियमचा, १८६५० चा, पट्ट्यातून काढला की हातातली छोटी टॉर्च होतो आणि बुडाला लोहचुंबक आहे.

दुपारी दुकान अंधारं करून दोन्ही छताकडे तोंड करून लावले आणि टेबलावर मोबाईलचा प्रकाश सेन्सर ठेवला. त्यातून खरे ल्युमेन कळत नाहीत, पण प्रकाश किती टिकतो ते कळतं. पहिला अर्ध्या तासात निम्म्यावर आला आणि मग तसाच ओघळत गेला. आठ तासांनी पेटलेला होता, म्हणायला. खोटं म्हणता येत नाही: टॉर्चसाठी एफएल१ नावाचं जे प्रमाण वापरतात त्यात दिवा सुरुवातीच्या प्रकाशाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ "चालण्याचा वेळ" म्हणून धरतात. १००० चे १०० झाले तरी घड्याळ चालूच.

दुसरा मधल्या पायरीवर लावला, १२० ल्युमेनच्या आसपास. सात तासांच्या वर काटा जवळजवळ हलला नाही, मग तो स्वतःहून खालच्या पायरीवर आला आणि सेल २.९ व्होल्टला पोचल्यावर बंद झाला. आतलं सर्किट करंट सांभाळतं म्हणून हे होतं. तात्यांना हवा तो हाच. याची सर्वात वरची पायरी मात्र नुसती दाखवायची: तीन-चार मिनिटांत अंग चटका देण्याइतकं तापतं आणि दिवा आपोआप उतरतो.

२ डिसेंबर

एल आकाराच्या दिव्याबद्दल पुतण्या म्हणाला, "काका, हा चार्जच होईना." खरंच होईना. त्याच्या नव्या मोबाईलचा चार्जर, दोन्ही टोकांना टाइप-सी. माझ्या जुन्या चार्जरवर, एका टोकाला चपटा यूएसबी असलेल्या वायरीने, लगेच लाल दिवा.

दिवा उघडून भिंगाखाली बघितला. टाइप-सीच्या खोबणीमागे ५.१ किलो-ओमचे दोन रेझिस्टर असावे लागतात. त्यांच्यावरूनच नवा चार्जर ओळखतो की समोर वीज घेणारं काहीतरी जोडलंय. इथे त्यांच्या जागा मोकळ्या, पैसे वाचवलेले. दोन रेझिस्टर लावायला जागा मोहरीएवढी, पण मोटरीची तार वळवणाऱ्या हाताला ते जमून गेलं. दोन्ही चार्जरवर चालतो आता. बाकीचे दिवे मागवताना ही जात बदलून दुसऱ्या बनावटीची मागवली, तिच्यात रेझिस्टर आधीच आहेत आणि पांढऱ्यातही निवड आहे: ६५०० केल्विनचा निळसर किंवा ४५०० चा पिवळसर. आधी दोन्हींचा एकेक.

८ डिसेंबर

आजची परीक्षा महत्त्वाची होती. उसातल्या वाळल्या पाचटावर घोणस दिसते का? खरी घोणस कुठून आणणार. जुन्या तपकिरी कातडी पट्ट्यावर काळ्या रंगाने ठिपके ओढले आणि आत्तेभावाने तो मला न सांगता पाचटावर टाकला. निळसर दिव्यात सगळं पाचट एकच पांढुरकं दिसतं, पट्टा पाय पडायच्या बेतात येईपर्यंत कळला नाही. पिवळसर दिव्यात तपकिरीतला फरक उठून आला, दोन-तीन पावलं आधी. उजेड दोन्हींचा जवळपास सारखाच. मग दिवा कपाळावरून काढून कमरेला लावला आणि पुन्हा चाललो: प्रत्येक ढेकळाला, प्रत्येक पानाला लांब सावली. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतच असतो, म्हणून सावली वस्तूमागे लपते आणि जमीन सपाट वाटते. चालताना कमरेला, काम करताना कपाळावर. हे सगळ्यांना सांगायचं.

कपाळावरच्या दिव्याची एक गंमत याच वेळी सगळ्यांनी बघितली. मोकळ्या रानात खाली बघितलं की जमिनीवर हिरवट-पांढरे बारीक ठिपके चमकतात, दवाचे थेंबच जणू. जवळ गेलं की ठिपका पळतो. हे जाळं न विणणारे, जमिनीवर शिकार करणारे कोळी. त्यांच्या डोळ्यांमागे आरसा असतो, आणि दिवा आपल्या डोळ्यांच्या जवळ असल्यावरच तो उजेड परत आपल्याकडे येतो. कुत्रं, मांजर, कोल्हा यांचंही तसंच. सापाच्या डोळ्यात हा आरसा नाही. आत्तेभाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे जनावर असलं तर डोळं चमकतेल की." नाही चमकत. गमबूट घातलेच पाहिजेत, दिवा कितीही भारी असो. मण्यार तर रात्रीच फिरते.

१४ डिसेंबर

दत्त जयंती, पौर्णिमेची रात्र. दिवा न लावता बांधावरून विहिरीपर्यंत गेलो. खोक्यावर "१३० मीटर पल्ला" लिहितात तो याच उजेडाच्या मापाने: जिथे दिव्याचा प्रकाश पाव लक्स, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेइतका उरतो, तिथे पल्ला संपला असं धरतात. चांदण्यात माणूस चालू शकतो हे खरं, पण तेवढ्या उजेडात दूरचं काही ओळखू येत नाही. आकड्याच्या निम्मं धरावं. आम्हाला तर पंधरा मीटरच्या पुढचं काही लागतच नाही.

१९ डिसेंबर

हरभऱ्यात तुषार. वीस फुटी पाइप उचलून पुढच्या ओळीला नेताना शेजारचा नोझल अंगावर फिरतोच. आयपीएक्स४ म्हणजे चारी बाजूंनी उडालेलं पाणी सोसणारा दिवा, तो इथे कमीत कमी. आपला आयपीएक्स७ आहे, अर्धा तास मीटरभर पाण्यात चालतो. दांडात पडला तरी चिंता नाही. पण चार्जिंगच्या खोबणीचं रबरी बूच नीट दाबलेलं पाहिजे.

फवाऱ्यात मोठी पायरी लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते, थेंबांवरून सगळा उजेड डोळ्यांत परत. ३० ल्युमेनवर उतरवला आणि मान खाली घातली तर क्लॅम्प स्पष्ट. कमी उजेडात जास्त दिसतं हे आत्तेभावाला पटवायला लागलं नाही, त्याने स्वतःच दोनदा बटण दाबून बघितलं.

चुंबकाचा उपयोगही आजच झाला. स्टार्टरचा फ्यूज बघायचा होता. दिवा काढून लोखंडी पेटीच्या दाराला चिकटवला, दोन्ही हात मोकळे. मेन स्विच पाडूनच, अर्थात.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडे आजच्या दिवशी सगळं गाव रानात. कोपीत पूजा, भज्जी, आंबिल. जेवणं झाल्यावर सगळ्या भावकीसमोर दिवे ठेवले, कारण एवढी माणसं एका जागी पुन्हा सापडत नाहीत. प्रश्न बरेच आले. "मोबाईलसारखी फुगंल का?" नेहमीचा. उत्तर: चांगला सेल, नीट चार्जर, आणि उन्हात-चुलीजवळ नाही. "दुकानातला पेन्सिल सेल घालता येईल का?" १८६५० च्या दिव्यात नाही, आणि उलटंही नाही. डबल ए च्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा, घड्याळात किंवा रिमोटमध्ये घातला तर ते जळू शकतं.

आई म्हणाली, मला हे लिथियम-बिथियम नको. गोठ्यात पहाटे धार काढायला तिला दिवा हवा, अर्धा तास. तिच्यासाठी वेगळा विचार.

५ जानेवारी २०२५

आईसाठी तीन ट्रिपल ए चा छोटा हेडलॅम्प, निकेल मेटल हायड्राइड सेलवर. इथे हेच बरोबर. कमी चार्ज गमावणारे सेल घेतले; सान्योने २००५ मध्ये अशा सेलची सुरुवात केली, त्याआधीचे रिचार्जेबल महिनाभर पडले की बराच चार्ज गमावायचे. हे वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज शिल्लक. वेळ पडली तर गावातल्या किराणा दुकानातले साधे सेल घालूनही दिवा पेटतो.

पण बाजारातला स्वस्त चार्जर सेल जोडीनेच चार्ज करतो आणि दिव्याला लागतात तीन. तिसरा कायम अर्धवट राहतो आणि तोच आधी मरतो. प्रत्येक खण स्वतंत्र असलेला, सेल भरला की स्वतः थांबणारा चार्जर घेतला. दिव्यापेक्षा महाग पडला. तिन्ही सेलवर एकाच रंगाची खूण केली, म्हणजे नवे-जुने मिसळणार नाहीत.

१२ जानेवारी

थंडी चांगली आहे. पहाटे तात्या म्हणाले, पट्टा ओला झाला की कपाळ गार पडतं. टोपीवरून बांधा म्हटलं. बाकी तक्रार नाही, ही त्यांच्याकडून मोठीच गोष्ट.

२६ जानेवारी

उरलेले दिवे ४५०० केल्विनचे मागवले होते, आले. प्रत्येक घराला एक दिवा, दोन सेल आणि सेल ठेवायची प्लास्टिकची डबी. डबी चैनीची नाही: सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर गेला की दोन्ही टोकं जुळून तापतो आणि खिसा पेटू शकतो. सेलवर पेनाने आकडे घातले, १ ते १२, आणि माझ्या वहीत प्रत्येकाची मोजलेली क्षमता लिहून ठेवली. पुढच्या दिवाळीला पुन्हा मोजणार. जो ७० टक्क्यांच्या खाली जाईल तो बदलायचा.

एक घर सोडून सगळ्यांनी पैसे दिले.

९ फेब्रुवारी

हरभरा घाट्यात आला, पाणी बंद. उसाचं चालू राहील. ज्यांची रात्रपाळी संपली त्यांना निरोप: सेल दिव्यातून काढा, पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा, मल्टिमीटरवर ३.७ च्या आसपास. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी दुकानात आणावेत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि ४५ च्या वर लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. तेव्हा शेडात नाही, घरात, माळवदाच्या खोलीत, तेही सकाळी.

राहिलेलं काम: रबरी कड्यांना लावायला सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब, तात्यांच्या दिव्याला जादा पट्टा, आणि वाळूच्या डब्यातली फुगलेली बॅटरी लातूरला ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवणं.